पीटीचा तास मुलींचाही आहे

(चाकूर इथं महिला गटांच्या आणि किशोरी गटांच्या एकत्रित मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या पोरींनो,

आपण दारूवर बोललो, हुंड्यावर बोललो, रेशनवर बोललो. पाण्यावर तर दर उन्हाळ्यात बोलतो. आज मला शाळेतल्या एका तासाबद्दल बोलायचं आहे. वेळापत्रकात त्याचं नाव 'शारीरिक शिक्षण' असतं, मुलं त्याला पीटीचा तास म्हणतात. तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील, "एवढे मोठमोठे प्रश्न पडलेत आणि ही बाई खेळाचं काय घेऊन बसली?" हा प्रश्न मला गावोगाव विचारला गेलाय. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

किशोरींच्या शिबिरात आम्ही एक साधं काम देतो. कागदावर मोठं घड्याळ काढायचं आणि सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत आपण काय काय करतो ते त्यात भरायचं. शेजारी दुसरं घड्याळ आपल्या भावाचं. मुलींच्या घड्याळात झाडलोट, पाणी, भाकरी, भांडी, शाळा, परत पाणी, धाकट्याला सांभाळणं, स्वयंपाक, अभ्यास असं सगळं दाटीवाटीनं बसलेलं असतं. भावाच्या घड्याळात शाळा असते, अभ्यास असतो आणि संध्याकाळच्या भागात दोन अक्षरं ठळक असतात, 'खेळ'. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी-शेजारी लावले की मुली आधी हसतात, मग गप्प होतात. भाषणानं जे समजावून सांगता येत नाही ते त्या दोन कागदांनी कळतं.

खेळ म्हणजे चैन, असं आपण धरून चाललोय. पण खेळ म्हणजे स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क वापरणं. बाईचं शरीर कामाला लागतं, बाळंतपणाला लागतं, नवऱ्याला लागतं. तिला स्वतःला ते कशासाठी लागतं? मारहाणीच्या केसेस घेऊन बायका आमच्याकडे येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात कधी मोठ्यानं ओरडलेलं नसतं, जोरात पळालेलं नसतं, कुणाला ढकललेलं नसतं. अंग चोरून बसायला मात्र आपण त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. बाराव्या-तेराव्या वर्षी जी मुलगी मैदानावर मोकळं पळते, पडते, गुडघा फोडून घेते आणि परत उठते, तिला आपल्या अंगातल्या ताकदीची ओळख होते. ही ओळख पुस्तकातून होत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्यात बाईच्या खेळाला बंदी कुठं आहे? खरंय. नागपंचमीला लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, रात्र रात्र फुगड्या चालतात. साठ वर्षांच्या आज्याही फेर धरतात. त्या दिवशी बायकांच्या अंगात किती जोर आहे ते सगळा गाव बघतो. पण ही वर्षातली ठरावीक दिवसांची रजा आहे. सण संपला की झोका सुटला. मुलाला खेळायला पंचांग बघावं लागत नाही, मुलीला बघावं लागतं. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

हे मैदान मुलीच्या हातून कधी सुटतं? सातवीपर्यंत पोरी लंगडी, लगोरी, खो-खो सगळं खेळतात. पाळी सुरू होते आणि मुलगी मैदानाच्या कडेला जाऊन बसते. नववीत तर ती पीटीच्या तासाला वर्गातच थांबते. विचारलं की उत्तर येतं, "मुलींनाच आवडत नाही हो, लाजतात." मला हे पटत नाही. ज्या मुली शिबिरात दार लावून घेतलं की तास-तास खेळतात, त्यांना खेळ आवडत नाही असं कसं म्हणायचं? कारणं लाजेच्या पलीकडची आहेत आणि ती हाताला लागण्यासारखी आहेत.

पहिलं कारण कपड्याचं. सलवार-कमीज आणि वर पिन मारलेली ओढणी घालून खो-खो खेळून बघा. पळायचं की ओढणी सांभाळायची? मुलांना गणवेशाची हाफ पँट किंवा फुल पँट आहे, ती तशीच खेळायला चालते.

दुसरं कारण संडासाचं. दाराला कडी नाही, आत पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. अशा शाळेत मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. पाणी न पिता उन्हात कशी पळणार? त्यात पाळीत खेळलं की गर्भाशयाला इजा होते अशी भीती आपणच घातलेली. पाळीत खेळल्यानं इजा होत नाही. दुखत असेल तर बसावं, बरं वाटत असेल तर खेळावं. ठरवायचं तिनं.

तिसरं कारण वेळेचं. सराव शाळा सुटल्यावर असतो. चापोलीकडची, वडवळकडची, नळेगावकडची मुलगी एस.टी.नं येते. मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पास फुकट असला तरी गाडी थांबत नाही. सरावाला थांबलं की संध्याकाळची गाडी चुकते, आणि अंधारात मुलगी स्टँडवर एकटी दिसली की दुसऱ्या दिवशी गावात चर्चा. गाडी मिळालीच तर घरी पाणी भरायचं राहिलेलं असतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. पण टँकरपासून घरापर्यंत ते पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं? मुलीच्या. तिच्या खेळाचा तास त्या घागरीत गेलेला असतो.

चौथं कारण सगळ्यात जड आहे. ते लग्नाचं. "पोरगी काळवंडली तर?" "हातपाय मोडला तर?" "चड्डी घालून पळते म्हणून सोयरिकीला अडलं तर?" एका आजीनं मला विचारलं, "काय करायचंय पळून? उद्या लेकरामागं पळायचंच हाय की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यात आपल्या जिल्ह्याचं दुखणं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शेजारच्या परभणीत हा आकडा ४८ टक्क्यांच्या आसपास होता. नववीत मैदान सुटतं, दहावीत शाळा सुटते आणि मग माहेर सुटतं. ही एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. आपण शेवटच्या पायरीवर उभ्या राहून बालविवाह थांबवायला धावतो. पहिल्या पायरीवरही आपण उभं राहायला हवं.

त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. काही आया म्हणतात, "अंगात रक्त नाही, ती काय खेळणार?" मी उलट विचारते, रक्त नाही हे कळलं कधी? पळताना धाप लागली तेव्हाच ना? वर्गात बसून राहणाऱ्या मुलीचा पांढरेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खाते की दप्तरात टाकते, हे विचारायला पीटीचा तास हे चांगलं निमित्त आहे. आणि भावाच्या ताटात जे पडतं ते तिच्याही ताटात पडतं का, हे आपण घरी विचारायचं.

आता एका मुलीबद्दल सांगते. तिचं नाव सांगत नाही. आपल्याच भागातली, एकोणीस-वीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे अंधारात उठून डांबरी रस्त्याच्या कडेनं पळते. शेजारून ट्रक जातात, मोटारसायकलवरची पोरं शेरे मारतात, म्हणून धाकट्या भावाला सायकलवर सोबत घेते. शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. वर्षभर घाम गाळून तिचे काही सेकंद कमी होतात. ती मला म्हणाली, "ताई, शाळेत पाच वर्षं मैदान समोर होतं. तेव्हा मला कुणी पळवलं नाही. आता रस्त्यावर पळतेय."

हे ८०० मीटर लक्षात ठेवा, कारण त्यांचा इतिहास आपल्या कामाचा आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं गेलं. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली. पण वर्तमानपत्रांनी विक्रमाऐवजी धाप लागलेल्या बायकांची वर्णनं छापली, तीही तिखटमीठ लावून. बायकांच्या नाजूक शरीराला हे अंतर झेपत नाही असं जाणत्या पुरुषांनी ठरवलं आणि ती शर्यतच बंद केली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. बत्तीस वर्षं बंद! बायकांची मॅरेथॉन तर १९८४ साली सुरू झाली. शर्यत संपल्यावर पुरुषही जमिनीवर आडवे पडतात, तेव्हा त्याला 'जिद्द' म्हणतात. बाई आडवी पडली की 'झेपत नाही'. हे वाक्य आपण कुठं कुठं ऐकलंय ते आठवा. नांगराबद्दल, ट्रॅक्टरबद्दल, सरपंचपदाबद्दल. आज तेच ८०० मीटर आपल्या मुलीच्या नोकरीच्या दारात उभे आहेत.

झेपतं की नाही याचे पुरावे शोधायला लांब जायला नको. शेजारच्या जिल्ह्यातली, तेव्हाच्या उस्मानाबादची आणि आताच्या धाराशिवची सारिका काळे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोच्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि संघानं सुवर्णपदक आणलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खोच खेळायची. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. पी. टी. उषाच्या १९८४ च्या शर्यतीनंतर भारतीय बाई पात्रता फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली ती तेव्हा. आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव गोळाफेक करते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला देशाचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी ती एक होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी जिंकला.

ही नावं मी टाळ्यांसाठी घेतली नाहीत. पदकांचा एक धोकाही आहे. शाळेला ढाल हवी असते, म्हणून दहा-बारा चपळ मुली निवडल्या जातात, त्यांचा सराव होतो, आणि उरलेल्या दोनशे मुली टाळ्या वाजवायला कडेला उभ्या राहतात. संघ हवाच. पण पीटीचा तास त्या दोनशे जणींचाही आहे. लठ्ठ मुलीचा, चष्मा लावणाऱ्या मुलीचा, पायानं अधू असलेल्या मुलीचा. भूमितीचा तास फक्त पहिल्या दहा जणींसाठी असतो का?

खो-खोबद्दल अजून एक सांगायचं आहे. त्याला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. दोन खांब आणि फक्कीनं आखलेल्या रेघा पुरतात. म्हणून तो गरिबाच्या शाळेतही खेळता येतो. पण मला त्यातला खो जास्त मोलाचा वाटतो. बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात पडल्याशिवाय खो दिला जात नाही. ती कुठल्या वस्तीतली, कुठल्या आळीतली हे बघायला वेळच नसतो. ज्या गावात अजून पाण्याच्या जागी, पंगतीत हात आखडले जातात, त्या गावच्या पोरी मैदानावर एकमेकींच्या पाठीवर हात मारून पळतात. एकजुटीवर आपण किती भाषणं देतो! इथं ती न बोलता शिकता येते. मात्र संघ निवडताना आणि मैदान झाडताना कुणाला पुढं केलं जातं, यावरही आपलं लक्ष हवं.

शिक्षक आणि पालक, दोघांचा एक आक्षेप नेहमी असतो. "अभ्यासाचं काय?" आपला जिल्हा तर 'लातूर पॅटर्न'चा. गुणवत्ता यादीनं या जिल्ह्याला नाव दिलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या नावाखाली पीटीच्या तासाला गणिताचे सर वर्गात येतात आणि वहीत मात्र शारीरिक शिक्षणाची श्रेणी भरली जाते. मुलं निदान शाळा सुटल्यावर गल्लीत खेळतात. मुलींचा खेळ शाळेत गेला म्हणजे पूर्णच गेला. आणि नुसता व्यवहार बघायचा म्हटला तरी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलींना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. हे आपल्या मुलींना सांगतं कोण?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खोटा नाही. २०२३ साली देशासाठी पदकं आणणाऱ्या महिला कुस्तीगीर लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा त्यांना रस्त्यावरून फरपटत नेलेलं आपण पाहिलं. ते पाहून कितीतरी बापांनी ठरवलं असेल, आपली पोरगी नको पाठवायला. पण मैत्रिणींनो, विहिरीवर छेड निघाली म्हणून आपण पाणी आणणं बंद केलं का? छेड काढणाऱ्याला धरलं. इथंही तेच. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, मैदानं, क्रीडासंकुलं ही कामाच्या ठिकाणांत धरलेली आहेत. अठराखालच्या मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तक्रार कुणाकडे करायची हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि बाहेरगावी संघ जाताना सोबत बाई असलीच पाहिजे.

एका गावात हे बायकांनीच सोडवलं. मुलींचा संघ तालुक्याला जिंकला, जिल्ह्याचे सामने लातूरला होते. संघासोबत फक्त सर जाणार, परतायला रात्र होणार, म्हणून घरोघरी नकार. बचत गटाच्या बैठकीत एका आईनं हा विषय काढला. दोघी जणींनी मजुरी बुडवायची आणि सोबत जायचं असं ठरलं. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, ते पैसे गटानं घातले. संघ पहिल्याच सामन्यात हरला. रात्री गाडीनं सगळ्या परत आल्या. त्या दोघींतली एक मला म्हणाली, "हरल्या तर हरल्या. पण पोरी भांडत होत्या, आपण कुठं चुकलो म्हणून. मला तर माझ्या लेकीचा एवढा आवाज आजच ऐकू आला." मुलीचा आवाज आईला पहिल्यांदा मैदानावर ऐकू यावा, ही या गोष्टीतली माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई.

कायद्याचा आधारही आपल्या हाताशी आहे. स्त्रियांबाबतचा सर्व प्रकारचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला आपण सीडॉ म्हणतो, त्याला भारतानं १९९३ साली मान्यता दिली. त्याच्या दहाव्या कलमात खेळात आणि शारीरिक शिक्षणात भाग घेण्याची समान संधी स्पष्ट लिहिलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं म्हटलंय, पण तो कायदा आठवीला संपतो. म्हणजे मुलगी नेमकी जिथं मैदान सोडते, तिथंच कायदाही तिचा हात सोडतो. नुसत्या नियमानं काय होऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनं मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा कायदा तिथं १९७२ साली झाला. त्याआधी तिथल्या माध्यमिक शाळांत तीन लाखांहून कमी मुली संघांतून खेळत होत्या. आता तीस लाखांहून जास्त खेळतात. मुलींची लाज एकदम कमी झाली का? नाही. दार उघडलं गेलं.

आता कामाचं बोलू. प्रत्येक गटानं आपल्या गावच्या माध्यमिक शाळेत जायचं. भांडायला नाही, विचारायला. नववी-दहावीचं वेळापत्रक मागायचं. पीटीचे तास किती, आणि त्या तासाला मुली कुठं असतात ते स्वतः जाऊन बघायचं. मग या मागण्या ठेवायच्या.

एक, मुलींचा खेळ शाळेच्या वेळेत व्हावा, सुटल्यावर नाही.

दोन, खेळाच्या दिवशी मुलींना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालेल असं मुख्याध्यापकांनी लेखी द्यावं. नवा गणवेश विकत घ्यायची सक्ती नको.

तीन, संडासाला कडी, पाणी आणि झाकणाचा डबा.

चार, मैदानाचे दिवस वाटून द्यावेत. क्रिकेटवाल्यांचं मैदान आणि मुलींना कोपरा, असं चालणार नाही.

पाच, बाहेरच्या सामन्यांना सोबत बाई. शिक्षिका नसेल तर आपल्यातली एक जाईल, हे आपण आधीच सांगून ठेवायचं.

आणि सहावी मागणी शाळेकडे नाही, आपल्या घराकडे आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलीच्या वाटची घागर दुसऱ्या कुणीतरी उचलायची. ते दुसरं कुणीतरी म्हणजे परत आई नव्हे. भाऊ आहे, बाप आहे, त्यांनाही दोन हात आहेत.

पुढच्या तिमाही बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या शाळेचं वेळापत्रक लिहून आणायचं. कुठल्या शाळेनं दार उघडलं, कुठल्या शाळेनं टाळलं, ते सगळ्या मिळून बघू आणि गरज पडली तर एकत्र तालुक्याला जाऊ.

जेवणं झाली की शेजारच्या मोकळ्या जागेत पोरींनी खो-खो मांडलाय. फक्की आणली आहे. कुठल्या बाजूला किती कमी पडतायत ते बघून आपणही उतरायचं आहे. साडीचा काष्टा घालता येणाऱ्या आज्यांना पहिली संधी.